४१ गोल आणि एक आद्याक्षर : हाओ हायदोंगची कारकीर्द

१/ जून २०२०. 'टायटन स्पोर्ट्स' या चीनमधील मोठ्या क्रीडा वृत्तपत्राने एका माजी फुटबॉलपटूच्या वक्तव्याचा कडक निषेध करणारे निवेदन काढले. गंमत अशी, की ज्याचा निषेध करायचा त्याचेच नाव निवेदनात नव्हते. त्याच्या जागी 'एच' हे एक रोमन अक्षर होते. हा 'एच' म्हणजे चीनच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करणारा आघाडीपटू, हाओ हायदोंग.

२/ हाओचा जन्म १९७० साली शांडोंग प्रांतातील चिंगदाओ या बंदरात झाला. त्या काळी चीनमध्ये व्यावसायिक क्लब नव्हते. संघ असत ते प्रांतांचे, सरकारी खात्यांचे किंवा सैन्याचे, आणि खेळाडू हा त्या संस्थेचा पगारी माणूस असे. हाओ लहानपणीच 'बायी' या सैन्यदलाच्या संघात दाखल झाला. 'बायी' म्हणजे 'आठ-एक', अर्थात १ ऑगस्ट : १९२७ च्या नानचांग उठावाची तारीख आणि चिनी सैन्याचा स्थापना दिन. हा मुलगा फुटबॉल शिकला तोच सैनिक म्हणून.

३/ जून १९९२ मध्ये बीजिंगजवळच्या होंगशानकोऊ येथे चिनी फुटबॉलच्या धुरीणांची बैठक झाली. काहीच महिन्यांपूर्वी देंग श्यावपिंग यांनी दक्षिण चीनचा दौरा करून आर्थिक सुधारणांना पुन्हा गती दिली होती. फुटबॉलही बाजाराच्या हवाली करायचे, असे या बैठकीत ठरले आणि १९९४ मध्ये 'जिया-ए' ही व्यावसायिक लीग सुरू झाली. साम्यवादी चीनच्या पहिल्या व्यावसायिक लीगची प्रायोजक होती मार्लबरो ही अमेरिकी सिगारेट! त्या दशकाचे इतके नेमके चित्र शोधूनही सापडणार नाही.

४/ या नव्या व्यवस्थेत बायीची मोठीच पंचाईत झाली. इतर क्लब ब्राझील आणि युरोपातून खेळाडू आणू लागले. सैन्याच्या संघाला परदेशी खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. पैशाच्या शर्यतीतही तो मागे पडत गेला आणि २००३ मध्ये बायीचा फुटबॉल संघ बंद झाला. हाओ त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडला होता. १९९७ मध्ये दालियन वांडाने २२ लाख युआन मोजून त्याला घेतले. चिनी फुटबॉलमध्ये तोवर एका खेळाडूसाठी एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती.

५/ दालियन हे त्या काळच्या चिनी फुटबॉलचे माहेरघर. १९९५ ते १९९७ या काळात हा संघ लीगमध्ये सलग ५५ सामने अपराजित राहिला. हाओ आला त्या वर्षी विजेतेपद मिळाले, पुढच्या वर्षीही मिळाले, आणि नंतर २००० ते २००२ अशी सलग तीन. त्याची मुख्य ताकद वेगात होती : बचावपटूंच्या मागे पडणारा चेंडू, त्यावरची झेप आणि फार विचार न करता मारलेला फटका.

६/ तोंडही तितकेच वेगवान. परखड आणि पुष्कळदा बेलगाम बोलण्यामुळे लोक त्याला 'हाओ दा पाओ', म्हणजे 'हाओ मोठी तोफ', म्हणू लागले. पंचावर थुंकल्याबद्दल आशियाई फुटबॉल संघटनेने त्याच्यावर वर्षभराची बंदीही घातली होती. त्याला संत ठरवण्याची गरज नाही.

७/ ७ ऑक्टोबर २००१. शेनयांगच्या वुलिहे मैदानावर चीनने ओमानला १-० असे हरवून प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळवली. सर्बियन प्रशिक्षक बोरा मिलुतिनोविच यांच्या त्या संघात हाओ आघाडीचा मोहरा होता. प्रत्यक्ष विश्वचषकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : कोस्टा रिकाकडून ०-२, ब्राझीलकडून ०-४, तुर्कस्तानकडून ०-३. एकही गोल नाही. चीनचा पुरुष संघ त्यानंतर आजतागायत विश्वचषकात पोहोचलेला नाही. त्यामुळे २००२ चा तो पराभूत संघच तिथल्या चाहत्यांचा सुवर्णकाळ ठरला.

८/ राष्ट्रीय संघातून हाओ बाजूला झाला तेव्हा त्याच्या नावावर शंभराहून अधिक सामने आणि ४१ गोल होते. जानेवारी २००५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड युनायटेडने त्याला विकत घेतले. किंमत : एक पौंड. क्लबचा डोळा चिनी बाजारपेठेवर होता. पुढच्याच वर्षी त्याने चेंगदूचा एक क्लबही घेतला. दुखापतींनी जेरीस आलेला हाओ शेफील्डकडून जेमतेम एकदा मैदानात उतरला, जानेवारी २००६ मध्ये, एफए कपच्या सामन्यात कोल्चेस्टरविरुद्ध.

९/ दरम्यान दालियनचे वैभवही ओसरले. २००० मध्ये क्लबची मालकी शिदे समूहाच्या शू मिंग यांच्याकडे गेली होती. बो शीलाय हे दालियनचे महापौर असल्यापासून शू त्यांच्या जवळचे होते. २०१२ मध्ये बो पदच्युत झाले, शू मिंग यांना अटक झाली आणि २०१३ मध्ये क्लबचे अस्तित्वच संपले. शू २०१५ मध्ये तुरुंगातच वारले. म्हणजे हाओ ज्या दोन मोठ्या चिनी संघांतून खेळला, त्यांतला एक बाजारापुढे हरला आणि दुसरा सत्तेच्या राजकारणात बुडाला.

१०/ आता ४ जून २०२०, तियानमेन हत्याकांडाचा ३१ वा स्मृतिदिन. स्पेनमध्ये राहणारा हाओ एका चित्रफितीत दिसला. कम्युनिस्ट पक्षाची राजवट संपली पाहिजे, असे तो उघडपणे म्हणाला आणि एका 'नव्या संघराज्या'चा जाहीरनामा त्याने वाचून दाखवला. त्याची पत्नी ये चाओयिंग हिने त्याला पाठिंबा दिला. बॅडमिंटनप्रेमींना हे नाव ठाऊक असेल : १९९५ आणि १९९७ ची एकेरीतील विश्वविजेती. सिडनी ऑलिंपिकची उपांत्य फेरी आपल्याला वरून आलेल्या आदेशामुळे हरावी लागली, असा आरोप तिने २०२२ मध्ये डॅनिश दूरचित्रवाणीवर केला.

११/ इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्या 'नव्या संघराज्या'चा कर्ताधर्ता होता परागंदा उद्योगपती गुओ वेनग्वी. आपल्याच अनुयायांना शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेला फसवल्याच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने २०२४ मध्ये त्याला दोषी ठरवले. हाओने निवडलेली संगत वाईट होती. तो जे बोलला त्याची किंमत मात्र त्याने स्वतः मोजली.

१२/ चीनमध्ये त्याचे समाजमाध्यमावरील खाते नाहीसे झाले. क्रीडाचर्चेच्या संकेतस्थळांवर त्याचे नाव वर्ज्य झाले. आणि वृत्तपत्रात उरला तो 'एच'.

१३/ हाओच्या शांडोंगमध्येच प्राचीन 'ची' राज्य होते. इ. स. पू. ५४८ मध्ये तिथल्या त्स्वे चू या मंत्र्याने आपल्या राजाची हत्या केली. दरबारी इतिहासकाराने तसे नोंदवले. त्स्वेने त्याला मारले. त्याच्या दोन धाकट्या भावांनी पाठोपाठ तेच लिहिले; तेही मारले गेले. आणखी एका भावाने पुन्हा तेच लिहिले, तेव्हा मंत्र्याने हात टेकले. ते सारे मारले गेल्याचे ऐकून दुसरा एक इतिहासकार बांबूच्या पट्ट्या घेऊन निघालाही होता; नोंद झाल्याचे कळल्यावरच तो माघारी वळला. चिनी परंपरेत ही कथा इतिहासलेखनाचा मानदंड मानली जाते.

१४/ लाचखोरीत सापडलेल्यांचे मात्र असे झाले नाही. विश्वचषकात पंच म्हणून उतरलेले लू जुन २०१२ मध्ये तुरुंगात गेले. त्याच वर्षी फुटबॉल संघटनेच्या दोन माजी प्रमुखांना शिक्षा झाली. २००२ च्या संघातील हाओचा सहकारी आणि पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झालेला ली त्ये याला डिसेंबर २०२४ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली; तत्पूर्वी त्याचा कबुलीजबाब सरकारी वाहिनीवर दाखवण्यात आला होता. या सर्वांची पूर्ण नावे चिनी वृत्तपत्रांत छापून आली.

१५/ अडचण आहे ती आकड्याची. अलीकडच्या पिढीचा आघाडीपटू वू लेई तिशीपार गोलसंख्या घेऊन हाओच्या मागे आहे. तो विक्रमापासून किती दूर, हे सांगायचे तर ४१ हा आकडा लिहावा लागतो, आणि तो कोणाचा हेही.