कर्जमाफीचे शिंग

चित्रपट सलग २५ आठवडे चालला की आपल्याकडे त्याची ‘सिल्व्हर ज्युबिली’ होते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधला ‘जे’ आज जिजाबाईंचा आहे, पण १८८७ साली संस्था निघाली तेव्हा तो ज्युबिलीचा होता, व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या पन्नाशीचा. ज्युबिली म्हणजे सोहळा, एवढेच आपण धरून चालतो. या शब्दाचे कूळ मात्र सोहळ्याचे नाही, कर्जमाफीचे आहे. आणि देवाचा प्रसाद किंवा कृपा म्हणून ख्रिस्ती लोक जे सांगतात, त्याचा पुरता अर्थ मला तरी हे कूळ कळल्यावरच लागला.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हे वर्ष येते. मराठी बायबल त्याला योबेल म्हणते. सात वर्षांचे सात फेरे पूर्ण झाले, की ५०व्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकायचे. कर्जापायी स्वतःला विकलेला माणूस त्या वर्षी आपल्या घरी परतणार, हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे येणार. सगळ्या देशाचा सातबारा कोरा. हिशेबही चोख बांधून दिलेला आहे: पुढच्या योबेलपर्यंत शेतातून जितकी पिके निघतील, तितक्यांचीच किंमत घ्यायची. म्हणजे विकले जायचे ते पीक. जमीन विकता येत नव्हती, कारण ती देवाची आणि माणूस तिच्यावर उपरा.

योबेल या नावावरून जुना वाद आहे. हिब्रूत योबेल म्हणजे मेंढा, किंवा त्याचे शिंग. यरीहोच्या तटाभोवती याजकांनी फुंकलेल्या शिंगांना यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द आहे. ताल्मुदात रब्बी अकिवांची एक आठवण आहे, की आपण अरबस्तानात गेलो तेव्हा तिथले लोक मेंढ्याला ‘योब्ला’ म्हणत होते. दुसरा पक्ष हे नाव ‘आणणे, घेऊन जाणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतो, कारण या वर्षी माणसे घरी आणली जातात. अर्थ सुंदर जुळतो. पण इतका सुंदर जुळणारा अर्थ बहुधा मागाहून जुळवलेला असतो, आणि शिंगाच्या बाजूने साक्षी जास्त आहेत. मी मेंढ्याच्या बाजूचा.

पुढची गफलत लॅटिनची. संत जेरोम यांनी बायबल लॅटिनमध्ये नेले तेव्हा हिब्रू योबेलाचा ‘युबिलेउस’ झाला. लॅटिनमध्ये आनंदाने ओरडणे या अर्थाचे ‘युबिलारे’ हे क्रियापद आधीपासून होते. दोन्ही शब्दांचा रक्ताचा संबंध नाही, तरी कानाने त्यांची सोयरीक जुळवली. ज्युबिलीतला ‘उ’ त्या सोयरिकीतून आला, आणि त्याच्यासोबत जल्लोषही घरात शिरला. कर्जाची आठवण हळूहळू मागे पडत गेली.

मला ज्या दुव्याने खेचून नेले तो याच्याही मागचा आहे. शिंग फुंकल्यावर जी सुटका पुकारायची, तिला लेवीयात ‘दरोर’ म्हटले आहे. हाच शब्द बाबिलोनच्या अक्कादी भाषेत ‘अंदुरारुम’ या रूपात भेटतो. तिथले राजे गादीवर आल्यावर, किंवा पुढेही मनात येईल तेव्हा, देणी माफ करत. राजा अम्मीसदुकाचे इ. स. पू. १६४६च्या सुमाराचे फर्मान आजही मातीच्या पाट्यांवर वाचता येते. धान्याची आणि चांदीची कर्जे रद्द, कर्जापायी गहाण पडलेली माणसे मोकळी. व्यापारासाठी उचललेल्या रकमेला मात्र माफी नाही. त्याच्याही सातेकशे वर्षे आधी सुमेरमधल्या लगाशच्या एन्मेतेना राजाने अशी सुटका दिल्याची नोंद आहे. तिच्यासाठीच्या सुमेरी शब्दाचा शब्दशः अर्थ ‘आईकडे परतणे’.

यावर अभ्यासकांचा आक्षेप ठरलेला असतो: योबेल प्रत्यक्षात पाळल्याचा पुरावा नाही, ते बाबिलोनच्या बंदिवासानंतर याजकांनी रंगवलेले स्वप्न. पुरावा नाही हे मला मान्य आहे, निव्वळ स्वप्न होते हे मान्य नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात सिद्कीया राजा यरुशलेमेला बाबिलोनचा वेढा पडलेला असताना दरोर पुकारतो. गुलाम सुटतात. वेढा सैल पडताच मालक त्यांना पुन्हा धरून आणतात, आणि यिर्मया संतापतो. म्हणजे प्रथा लोकांना चांगली ठाऊक होती आणि तिची खोटही: राजाची मर्जी फिरते. माझे अनुमान असे, की लेवीयाच्या लेखकाने नेमकी ही खोट ओळखली. त्याने माफीचा अधिकार राजाच्या हातून काढून पंचांगात घातला. ५०वे वर्ष उगवले की सुटका, मग गादीवर कोणी का असेना. मर्जी उरली ती एकट्या देवाची, आणि तिची तारीख गरिबालाही आधीपासून माहीत.

हेच शिंग यशयाच्या ६१व्या अध्यायात पुन्हा वाजते. तिथे बंदिवानांना दरोर पुकारण्यासाठी अभिषेक झालेला एक माणूस बोलतो आणि परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष जाहीर करतो. लूकच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहून हाच उतारा वाचतो. पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. तिथे पोचण्याआधीच तो थांबतो, गुंडाळी परत देतो आणि म्हणतो, हे आज तुमच्यासमोर पूर्ण झाले.

ऐकणाऱ्यांना त्यात योबेल ऐकू आला असेल का? पुष्कळ भाष्यकार म्हणतात की हे फार ओढून आणलेले आहे. मला उत्तर मृत समुद्राकाठच्या कुमरानमध्ये सापडते. १९५६ साली तिथल्या ११व्या गुहेतून निघालेल्या एका गुंडाळीत लेवीयाचा योबेल आणि यशयाचा ६१वा अध्याय एकत्र गुंफलेले आहेत. शेवटच्या, दहाव्या योबेलात बायबलातला याजक-राजा मलकीसदेक येईल आणि लोकांना त्यांच्या पापांच्या ओझ्यातून मोकळे करील, असे ती सांगते. येशूच्याही आधीचे हे लिखाण. पाप हे कर्ज आणि क्षमा ही कर्जमाफी, हा विचार त्या मुलखात रुजलेला होता. ग्रीक बायबलात योबेलच्या सुटकेला जो शब्द आहे, तोच लूक पापक्षमेलाही वापरतो. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही देणीच माफ करायची आहेत, आणि मागणाऱ्याने आपल्या ऋणकोंना सोडलेले आहे हे तिथे गृहीत धरलेले आहे. प्रसाद मिळाला तो पुढे वाटण्यासाठी, ही ख्रिस्ती पाचारणाची अट मला त्या ओळीत सगळ्यात स्पष्ट दिसते.

पुढचे टप्पे परिचयाचे आहेत. १३०० साली पोप आठवे बोनिफेस यांनी रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी क्षमेचे वर्ष जाहीर केले, ते शंभर वर्षांनी यायचे. नंतरच्या पोपांनी अंतर ५० आणि शेवटी २५ वर्षांवर आणले. १८०९मध्ये इंग्लंडने तिसऱ्या जॉर्जच्या राजवटीचे ५०वे वर्ष ज्युबिली म्हणून साजरे केले, आणि माफीचा शब्द पुन्हा राजाच्या दारी गेला. शब्दाचा मूळ अर्थ जपला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांनी. त्यांच्यासाठी ज्युबिली म्हणजे मुक्तीचा दिवस. १८७१ साली फिस्क विद्यापीठाचे गायक निधी गोळा करायला दौऱ्यावर निघाले, त्यांनी ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले ते याच अर्थाने.

मग १९९८च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये श्रीमंत राष्ट्रांचे नेते जमले असताना सुमारे ७० हजार माणसांनी हात धरून साखळी केली. मागणी होती गरीब देशांच्या कर्जमाफीची आणि मोहिमेचे नाव होते ‘ज्युबिली २०००’. पोप फ्रान्सिस यांनी २०२५च्या ज्युबिलीला ‘आशेचे यात्रेकरू’ हे ब्रीद दिले आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात जाऊन पवित्र द्वार उघडले. ज्युबिली जाहीर करणाऱ्या त्यांच्या पत्रात सरकारांना कैद्यांच्या शिक्षामाफीचा विचार करायला सांगितले आहे आणि धनाढ्य देशांना ज्यांची फेडण्याची ऐपतच नाही त्यांची कर्जे सोडायला. अम्मीसदुकाच्या पाटीवरही हीच दोन माणसे होती, कर्जदार आणि बंदिवान.