मौन म्हणजे होकार असतो का? नात्यांमधली शब्दांविना भाषा कशी चालते

घरात कोणी ताट जरा जोरात ठेवलं की काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळतं. आईने नुसते डोळे वटारले की पाहुण्यांसमोर तिसरा लाडू उचलणारा हात मागे येतो. भांडणानंतर कोणीतरी गुपचूप चहाचा कप पुढे सरकवतं आणि माफी मागून होते.

याला अशाब्दिक संवाद म्हणतात. चेहरा, नजर, हातवारे, आवाजाचा चढउतार, स्पर्श, दोघांमधलं अंतर आणि गप्प राहणं, हे सगळं त्यात येतं.

रामटेकचा यक्ष काय सांगतो?

या भाषेचं एक जुनं आणि सुंदर उदाहरण विदर्भाशी जोडलेलं आहे. कालिदासाच्या 'मेघदूत'मधला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं मत संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. रामटेकला आज कालिदासाचं स्मारक आहे आणि 1997 मध्ये स्थापन झालेलं संस्कृत विद्यापीठही त्याच्याच नावाने आहे.

'मेघदूत' हे निरोपाचं काव्य. वर्षभराची शिक्षा भोगणारा यक्ष ढगासोबत बायकोला निरोप पाठवतो. तिची अवस्था सांगताना मात्र तो खुणाच सांगतो. ती उंबरठ्यावरची फुलं मांडून उरलेले महिने मोजत असेल. वीणा घेऊन गायला बसेल, पण तारा आसवांनी भिजतील आणि स्वतः बांधलेली चालही ती विसरेल. तिने तोंडाने काही सांगायची गरजच पडत नाही.

ही भाषा आपण कधी शिकतो?

बोलायला लागण्याआधीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी काही वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ हसून, हातपाय हलवून तिला परत खेळात ओढायचा प्रयत्न करतं. प्रतिसाद मिळाला नाही की अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं. मोठ्यांच्या नात्यातला अबोला का टोचतो, याचा थोडा अंदाज यातून येतो.

'93 टक्के संवाद देहबोलीतून होतो' हे खरं आहे का?

रील्समध्ये हा आकडा सतत दिसतो, पण तो असा सरसकट लागू होत नाही. अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून तो आला. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते आणि प्रश्न फक्त आवड-नावड ओळखण्याचा होता. भावना किंवा वृत्ती यांपलीकडच्या बोलण्याला हे गणित लागू नाही, असं मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. 'मी ठीक आहे' हे शब्द रडवेल्या आवाजात आले तर आपण आवाजावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग मौन कसं वाचायचं?

इथेच सर्वात जास्त गडबड होते. यक्षाला ढग शेवटपर्यंत उत्तर देत नाही. तरी यक्ष त्याला नकार मानत नाही, कारण ढग चातकालाही काही न बोलताच पाणी देतो. काव्यात हे शोभतं. घरात तसं गृहीत धरणं महागात पडू शकतं.

स्थळ बघायला आल्यावर 'मुलगी काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे' असं म्हणणारे आजही भेटतात. त्या गप्प बसण्यामागे भीती असेल, मोठ्यांचा मान असेल किंवा तिचं अजून ठरलंच नसेल. त्याला होकार समजून निर्णय घेतला तर किंमत तिला मोजावी लागते. व्हॉट्सॲपवरची निळी टिक, जी 2014 मध्ये आली, तीही फक्त मेसेज उघडला गेल्याचं सांगते. उत्तर का आलं नाही, हे सांगत नाही.

लक्षात काय ठेवायचं?

- एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. हाताची घडी रागाने घातली जाते, तशी थंडीनेही.
- माणसाची नेहमीची सवय काय आहे ते बघा. बडबड्या माणूस गप्प झाला तर त्याला अर्थ असतो.
- खुणेतून मन कळतं, पण कारण कळत नाही. म्हणून 'काय झालं?' हे विचारा.
- लग्न, पैसा, स्पर्श अशा बाबतीत स्पष्ट 'हो' ऐकल्याशिवाय होकार समजू नका.