किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदींचे निरसन व त्याचा सार्वजनिक खर्च (रत्नागिरी जिल्हा)

किरकोळ कारणांवरून झालेल्या अटका, त्यांतून उभे राहणारे खटले आणि पुढे ते मागे घेण्याची प्रक्रिया यांवर सरकारी तिजोरीतून, न्यायालयाच्या वेळेतून व आरोपीच्या खिशातून होणारा खर्च. प्रौढ व्यक्तीच्या अटकेची नोंद सरसकट पुसून टाकणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. बालकांसाठी तशी तरतूद बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये आहे. प्रौढांना मिळते ते खटल्यातून मोकळे होणे. नोंद उरते, फक्त तिच्यापुढचा शेरा बदलतो. रत्नागिरी जिल्ह्यात हा विषय मुख्यतः आंदोलकांवरील खटल्यांमुळे चर्चेत आला.

विधी : ‘सरकारने गुन्हे मागे घेतले’ असे वर्तमानपत्रे लिहितात, पण मंत्रिमंडळाला तसा अधिकार नाही. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३२१ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०) खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने करायचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. शासन निर्णय म्हणजे वकिलाला केलेली शिफारस. वकिलाने स्वतः विचार केला आहे आणि मागे घेण्यामागचा हेतू न्यायाचाच आहे, एवढे न्यायालय पाहते. शिवनंदन पासवान (१९८७) आणि केरळ राज्य विरुद्ध के. अजित (२०२१) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल या संदर्भात नेहमी पुढे केले जातात. नव्या संहितेत पीडिताला ऐकून घेण्याची अट वाढली. केंद्र सरकारच्या मालमत्तेची नासधूस झाली असेल, तर केंद्राची परवानगीही लागते. आरोपींत आजी-माजी आमदार वा खासदार असेल तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरली; त्यामुळे एकाच मोर्चातले गावकरी आधी सुटावेत आणि पुढारी मागे राहावा, असा उलटा प्रकार संभवतो.

अर्ज कोणत्या टप्प्यावर आला याला महत्त्व आहे. आरोप निश्चित होण्याआधी आला तर आरोपीचे उन्मोचन होते, नंतर आला तर दोषमुक्ती. ज्या समन्स खटल्यांत आरोप निश्चित करावाच लागत नाही, तिथे थेट दोषमुक्ती मिळते. किरकोळ गुन्ह्यांपैकी बहुतेक याच वर्गातले, म्हणजे लहान आरोपीला कागदावर मोठी सुटका मिळते. पोलीस तपासातच प्रकरण मिटले तर महाराष्ट्रात ‘ए’, ‘बी’ वा ‘सी’ समरी दाखल होते. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण न उलगडलेला, ‘बी’ म्हणजे खोटी तक्रार, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून वा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. भरपाई किंवा माफीचा प्रश्न समरीत येत नाही.

पूर्वेतिहास : जिल्ह्यातील एक जुने उदाहरण १९३०-३१ चे आहे. मे १९३० मध्ये शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात हिंसेशी संबंध नसलेले प्रलंबित खटले मागे घेण्याचे आणि तसल्या कैद्यांना सोडण्याचे कलम होते. पैशाबाबत मात्र करार काटेकोर होता. वसूल न झालेला दंड माफ झाला. वसूल झालेला परत मिळाला नाही. रहिवाशांच्या खर्चाने एखाद्या भागावर बसवलेले जादा पोलीसही उठवायचे ठरले, पण त्यांच्यापोटी घेतलेली रक्कम प्रत्यक्ष खर्चाहून अधिक नसेल तर परतावा नाही. म्हणजे ज्याने लगेच दंड भरला तो फसला आणि ज्याने टाळाटाळ केली त्याचे पैसे वाचले. निरसनाचा खर्च कोणी सोसायचा हे इतक्या उघडपणे लिहिणारा दस्तऐवज नंतरच्या काळात सापडत नाही. आजचे शासन निर्णय भरलेल्या जामिनाबद्दल व बुडालेल्या मजुरीबद्दल बोलत नाहीत.

नाणार व नंतर : राजापूर तालुक्यातील नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी प्रकल्पविरोधी आंदोलकांवरील खटले मागे घेण्याचे जाहीर केले. त्याच्या थोडेच आधी मुंबईतील आरे वसाहतीच्या २९ आंदोलकांबाबत अशीच घोषणा झाली होती. (हे आरे वेगळे, रत्नागिरीच्या आरे-वारेशी त्याचा संबंध नाही.) २७ फेब्रुवारी २०२० रोजी गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधिमंडळात राज्याचे आकडे दिले : कोरेगाव भीमा प्रकरणातील ६४९ पैकी ३४८ आणि मराठा आरक्षण आंदोलनातील ५४८ पैकी ४६० गुन्हे मागे घेतले गेले. २०२२ च्या शासन निर्णयात जीवितहानी झालेली नसावी व मालमत्तेचे नुकसान ५ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशा अटी होत्या. कोणत्या तारखेपर्यंतचे खटले घ्यायचे, ती तारीख पुढे सरकत राहिली. नुकसानीची मर्यादा पाळली तरी एसटीच्या फुटलेल्या काचांचा खर्च महामंडळाच्याच माथी राहू शकतो.

बारसू-सोळगाव (२०२३) : तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या पर्यायी जागेवरील माती परीक्षणाच्या वेळी आंदोलन, मनाई आदेश, अटका.

टाळेबंदीचे गुन्हे : करोनाकाळात भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ (सरकारी आदेशाचा भंग) खाली राज्यभर गुन्हे दाखल झाले. मार्च २०२२ मध्ये गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी ते मागे घेण्याचे जाहीर केले. सरकारी कर्मचाऱ्यांवर हल्ल्याची प्रकरणे वगळली. या कलमाच्या पहिल्या भागातील शिक्षा १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. ही रक्कम १८६० पासून तशीच राहिली. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने ती २,५०० वर नेली. शिवाय संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालयाला अशा गुन्ह्याची दखलच घेता येत नाही, म्हणून ठाण्यात फिर्याद नोंदवून भागवलेले खटले मुळातच लंगडे होते. २०० रुपयांसाठी समन्स बजावायला शिपाई गावात जातो, आरोपी सापडत नाही, रोजनाम्यावर पुढची तारीख पडते, वॉरंट निघते. हा खर्च पोलीस, अभियोग संचालनालय व न्यायालये यांच्या वेगवेगळ्या लेखाशीर्षांत विखुरतो, म्हणून एका खटल्यामागे किती गेले ते कोणत्याच ताळेबंदात एका ठिकाणी दिसत नाही.

आरे-वारे : रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किनारी रस्त्यावरील जोड पुळण. अशा ठिकाणी घडणारे किरकोळ गुन्हे बव्हंशी पर्यटकांचे : उघड्यावर मद्यपान करून गोंधळ (महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९, कलम ८५), असभ्य वर्तन (महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१), पुळणीवर बेदरकार गाडी हाकणे. यांना आंदोलनाचा शासन निर्णय लागू होत नाही. तारखेसाठी पुण्याहून पुन्हा यायचे, वकील द्यायचा, त्यापेक्षा गुन्हा कबूल करून दंड भरणे आरोपीला सोपे पडते, आणि तिजोरीलाही. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. घोषणा देत रस्ता अडवणारा दोषमुक्त होऊ शकतो, वाळूत बाटली उघडणारा दोषी ठरतो. दुसऱ्याच्या बाजूने अधिवेशनात कोणी प्रश्न विचारत नाही.

नोंदीचे परिणाम : परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांना पारपत्र अधिनियम, १९६७ चे कलम ६(२)(च) आडवे येते : खटला प्रलंबित असेल तर पारपत्र नाकारता येते, किंवा न्यायालयाची परवानगी आणावी लागते. खटला मागे घेतल्यावर ही अडचण संपते. शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत मात्र जुना गुन्हा रजिस्टर क्रमांक वर येतोच. अवतार सिंग (२०१६) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखा क्षुल्लक गुन्हा लपवला गेला असला तरी नियोक्ता आपल्या विवेकाने तिकडे दुर्लक्ष करू शकतो, असे म्हटले. सक्ती केली नाही. बोटांचे ठसे व छायाचित्रांबाबत १९२० च्या कायद्यात दोषमुक्तीनंतर ती नष्ट करण्याची तरतूद होती. २०२२ च्या नव्या कायद्यातही ती आहे, पण न्यायालय वा दंडाधिकारी कारण नोंदवून ठसे व छायाचित्रे ठेवायला सांगू शकतात, आणि एरवी जपणुकीची मुदत ७५ वर्षे.

उच्च न्यायालयाचा मार्ग : गुन्हाच रद्द करून घेण्यासाठी रत्नागिरीकरांना मुंबई गाठावी लागे. तडजोडीने गुन्हा रद्द करताना न्यायालय कधीकधी पक्षकारांना काही रक्कम पोलीस कल्याण निधी वा ग्रंथालयासारख्या सार्वजनिक कामाला द्यायला लावते. सार्वजनिक खर्चाची थोडी फेड होणारी ही एकच जागा म्हणता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला.