रेडिओवरची हवाईयन गिटार

कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत आमच्याकडे रेडिओ होता. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की शब्दांविना एखाद्या चित्रपटगीताची धून लागे. वडील सांगत, "ही हवाईयन गिटार." 'हवाई'चा संबंध विमानाशी असावा, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

संबंध निघाला पॅसिफिक महासागरातल्या बेटांशी. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी पट्टी सरकवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईत रुजली. तिचे श्रेय बहुधा ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला दिले जाते. त्याच काळात 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. राज्य गेले, पण 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर गाणी अमेरिकाभर गाजली. पुढे बांबूने सजवलेले 'टिकी' बार आले, 1949 मध्ये 'साऊथ पॅसिफिक' ही संगीतिका आली, 1957 मध्ये मार्टिन डेनीची 'एक्झॉटिका' ही तबकडी आली. त्यातले नंदनवन मुख्यतः अमेरिकी ग्राहकासाठी रचलेले होते.

भारतात ही गिटार आणली फिरत्या कलावंतांनी. सामोआत जन्मलेला टाऊ मो आणि त्याची पत्नी रोझ 1920 च्या दशकाअखेरीस आशियाच्या दौऱ्यावर निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कलकत्त्यात होते. टाऊ मोकडून तिथल्या वादकांनी हे तंत्र उचलले. मुंबईत व्हॅन शिप्ले चित्रपटगीते विजेच्या गिटारवर वाजवू लागले, त्यांच्या तबकड्या घरोघर पोचल्या. पट्टी सरकते तेव्हा स्वर तुटत नाही, मींड सहज निघते. म्हणून हे परके वाद्य आपल्या कानाला कधी परके वाटलेच नाही. ब्रिजभूषण काब्रांनी ते रागसंगीतात आणले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ते ऐकू येते.

हे शोधताना एक जुनी हकिकत भेटते. भारतात जन्मलेला गॅब्रिएल डेव्हियन नावाचा खलाशी केकुकूच्याही आधी होनोलुलूत असे वाजवत असे, अशी. विचित्रवीणेवरही काचेचा गोटा सरकवूनच वाजवतात, हे आठवले की 'म्हणजे मूळ आपलेच' म्हणायचा मोह होतो. पण एका ऐकीव हकिकतीवर एवढा मोठा दावा उभा राहत नाही. शिवाय ज्यांचे राज्य गेले, त्यांच्या वाट्याला उरलेले श्रेयही आपण काढून घ्यायचे का?

कोयनाकाठच्या माणसाने तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा. शिवसागराखाली गेलेल्या गावांतली माणसे रायगड, ठाणे, सोलापूरकडे पांगली. काहींचा पुनर्वसनाचा लढा दशकानुदशके चालला. आमच्या वसाहतीतली वीज आणि रेडिओ त्याच धरणाच्या आधाराने आले. पर्यटक मात्र जलाशयाचा नुसता निळा रंग पाहून परततात.

ती धून मला आजही आवडते. फक्त आता कुणी विचारले की वाद्य कुठले, तर मी आधी केकुकूचे नाव सांगतो.