चरीचा संप आणि दप्तरातील नाव

अलिबागजवळच्या खारेपाटातील चरी हे लहानसे गाव. तथापि कोकणातील जमीनमालकीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास या गावाला वळसा घालून पुढे जाता येत नाही, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी अमलात देशावर रयतवारी पद्धती होती. शेतकरी सरकारला थेट सारा भरीत असे. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील अनेक गावी मात्र सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा होता. त्याने सरकारात सारा भरावा आणि कुळाकडून धान्याच्या रूपाने खंड घ्यावा, अशी ही व्यवस्था. खारेपाटात खाडीचे पाणी अडविण्यासाठी बांध घालावयाचे, ते फुटले की चिखलात उतरून बुजवायचे आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवायचे, हे सारे कष्ट कुळाचे. दप्तरी नाव मात्र दुसऱ्याचे.

१९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. शेते ओसाड पडली. सरपणाच्या मोळ्या विकून आणि मिळेल ती मजुरी करून कुटुंबांनी दिवस काढले. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. परंतु १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली, १९४८ साली नवा कुळकायदा झाला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ हे कसत्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

येथेच कथा संपवावी, असा मोह होतो. परंतु कायद्याने जमीन दिली ती कुळाला. आणि कूळ म्हणजे ज्याची वहिवाट सिद्ध होऊ शकेल तो. ज्यांची वहिवाट तोंडी होती, ज्यांनी भीतीपोटी वा अज्ञानापोटी राजीनामे लिहून दिले, ते मागे राहिले. दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाणारा कातकरी तर कूळ नव्हताच. आजही कित्येक कातकरी वाड्यांत घराखालची जमीनदेखील रहिवाशांच्या नावे नाही.

ज्यांना जमीन मिळाली त्यांच्याही वारसांत वाटण्या झाल्या. महाराष्ट्रात सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. त्याच गणनेनुसार भारतातील सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक असून त्यांच्याकडील क्षेत्र निम्म्याहूनही कमी आहे.

चरीच्या कुळांनी सहा वर्षे उपास काढून आपले नाव दप्तरात आणविले. त्या दप्तरात ज्यांचे नाव कधीच चढले नाही, त्यांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे; आणि त्यांच्यापैकी कित्येक आपल्याच बांधावर मजुरीला येतात, हे आपण विसरता कामा नये.