हळद, हरिमा आणि यकृत : एका समजुतीचा शब्देतिहास

हळद यकृताला हितकर आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिचा उगम शोधण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तिच्यात अनुभवाचा भाग किती व शब्दांचा किती, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

संस्कृत 'हरिद्रा' या शब्दात पिवळेपणाचा वाचक 'हरि' आहे. त्यापासून प्राकृत 'हलिद्दा' व मराठी 'हळद'. काविळीचे वैदिक नाव 'हरिमा' हेही त्याच कुळातले. ('कावीळ' हा शब्द 'कामला'पासून आला, ग्राम-गाव, नाम-नाव यांप्रमाणे येथेही मकाराचा वकार झाला.) म्हणजे रोगाचे आणि औषधाचे गोत्र भाषेने आधीच जुळवून ठेवले होते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील बाविसाव्या सूक्तात रोग्याचा पिवळेपणा पोपट, रोपणाका व हारिद्रव यांच्या ठायी घालविण्याची प्रार्थना आहे. 'हारिद्रव' वाचून येथे हळद सापडली असे मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सायणाचार्य या शब्दाचा अर्थ एके ठिकाणी पक्षी तर दुसरीकडे वृक्ष असा करतात, हळद असा नव्हे. हळद प्रत्यक्ष येते ती कौशिकसूत्रात, या सूक्ताच्या विनियोगात. रोग्याला हळदीचा भात खाऊ घालावा आणि पिवळे पक्षी त्याच्या खाटेला बांधावेत, असा तो विधी. पिवळ्याने पिवळे काढावे, हाच येथील न्याय; यकृताचा त्यात संबंध नाही.

चरकसंहितेत गुंतागुंत वाढते. चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात कामलेसाठी त्रिफळा, गुळवेल किंवा कडुनिंब यांप्रमाणेच 'दार्वी'चा रस मधाबरोबर सांगितला आहे. दार्वी म्हणजे दारुहरिद्रा, आपली दारुहळद. लाकूड पिवळे म्हणून तिला हे नाव मिळाले; वनस्पती या नात्याने दोघींचा काही संबंध नाही. हळदीतील रंगद्रव्य कर्क्युमिन, दारुहळदीतील बर्बेरीन. २००४ साली चिनी संशोधकांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात रुग्णांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बर्बेरीनमुळे उतरल्याचे दाखविले. हे श्रेय केवळ नामसाम्यामुळे हळदीच्या खाती मांडता येणार नाही.

मग हळदीचे स्वतःचे काय? कर्क्युमिन १८१५ साली फोगेल व पेल्तिए यांनी वेगळे केले. त्याच सुमारास शेव्रल याने पित्ताश्मरीतील स्निग्ध द्रव्याला 'कोलेस्टेरीन' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील पित्तवाचक शब्द त्यात आजही टिकून आहे. या दोन द्रव्यांची प्रयोगशाळेत गाठ घालून देणारा एक महत्त्वाचा निबंध १९७० साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलयुक्त आहारावरील उंदरांना कर्क्युमिन दिल्यास त्यांच्या रक्तातील व यकृतातील कोलेस्टेरॉल कमी राहते, असे त्यात आढळले. पण ते उंदीर होते. माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जेथे घट दिसली तेथेही ती बेताचीच आहे.

याचे एक कारण असे की कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास माणसात ते सुमारे वीसपट अधिक मिळते, असे १९९८ साली बंगळूर येथील संशोधकांनी दाखविले. तेव्हापासून मिरीयुक्त अर्काच्या गोळ्यांना बाजारात मोठे बळ मिळाले. 'पी हळद आणि हो गोरी' ही आपली म्हण उतावळेपणाला उद्देशून आहे. ती येथे अगदी चपखल बसते. हळकुंडात कर्क्युमिन वजनाच्या सुमारे तीन टक्के, आणि आमटीत हळद ती चिमूटभर. स्वयंपाकघरातील हळद आणि बाटलीतील अर्क यांना एकाच नावाने ओळखणे, ही दारुहळदीसारखीच चूक होय.

तिचे परिणाम नोंदले गेले आहेत. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकसंघाला २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरक पदार्थांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण आढळले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. सात जणांत एकच विशिष्ट जनुकरूप होते. इटलीत २०१९ साली अशाच पदार्थांच्या सेवनानंतर रुग्णांची एक मालिका उघडकीस आली. त्यांचा विकार होता यकृतदाह, आणि तोही पित्ताचा प्रवाह अडविणारा.