मनमाडास उतरलेली गासडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेचे वर्णन आपण मोठ्या कौतुकाने वाचतो. १८६२ साली तेथे होमस्टेड कायदा झाला आणि पश्चिमेकडे जाऊन पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास १६० एकर मिळू लागले. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतात पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांस भेटले. ती जमीन मुळात तेथल्या आदिवासींची होती आणि रूळ घालणाऱ्यांत हजारो चिनी मजूर होते, हेही पुस्तकांत असते; पण बहुधा शेवटच्या पानांवर. या धामधुमीचा आमच्या जालन्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि मुंबईच्या बाजारात भाव गगनाला भिडले. युद्ध संपले तसे १८६५ त मुंबईतले सट्टेवाले बुडाले. त्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्या कुणब्याने तेजीच्या भरवशावर कर्ज काढले होते, त्याची कथा सांगणारे थोडे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे ओढून काढून जाळले. अमेरिकेतील शेतकरीही कर्जाने आणि रेल्वेच्या दरांनी गांजलाच होता; पण त्याने १८९२ साली आपला पक्ष उभा केला व मते मागितली. सुप्याच्या कुणब्यापाशी मत नव्हते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. १८६७ त नागपुरापर्यंत रेल्वे गेली, आणि १८७० साली खुद्द लॉर्ड मेयो खामगावचा फाटा उघडावयास आले. लगतचे जालना निजामाच्या राज्यात. काळी जमीन तीच, कापूस तोच, पण रेल्वे नाही. त्या वेळच्या औरंगाबादेस उतरावयाचे तर स्टेशन नांदगावचे; पुढे बैलगाडी. अखेर १९०० च्या सुमारास, छप्पनच्या दुष्काळाच्या पाठोपाठ, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे खुली झाली. मनमाड ते सिकंदराबाद, ३९१ मैल.

पण ही रेल्वे मीटरगेज होती. मनमाडास जी.आय.पी.चे रूळ साडेपाच फुटांचे, आमचे सव्वातीन फुटांचे. जालन्याचा माल मुंबईस थेट जाईना. कापसाची गासडी ३९२ पौंडांची. ती मनमाडास एका वाघिणीतून उतरावयाची आणि दुसरीत चढवावयाची. कागदावर त्यास नुसते ‘बदली’ म्हणतात; पाठीवर घेतल्यावाचून त्याचा अर्थ कळत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातही निराळे गेज होते. तेथे ३१ मे व १ जून १८८६ या दोन दिवसांत हजारो मजुरांनी सुमारे साडेअकरा हजार मैलांचा एक रूळ तीन इंच आत सरकवला आणि अडचण मिटवली. आमच्या मार्गाचे रुंदीकरण व्हावयास १९९० नंतरचे दशक उजाडले. मीटरगेजचे डबे आम्ही स्वतः पाहिलेले आहेत, ही काही पुराणातली गोष्ट नव्हे.

त्याच १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, चार तारखेस हे मार्केट चौकात बाँब फुटला आणि पुढल्या वर्षी ११ नोव्हेंबरला चौघांना फाशी दिले. रूळ दोन दिवसांत सरकले. दिवस आठ तासांवर यावयास पुढे कित्येक वर्षे लागली.

रेल्वेमुळे जालन्यास जीन आले, प्रेस आली, अडत वाढली, व्यापारी श्रीमंत झाले. घरात काय बदलले, ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पूर्वी बाई घरी बसून रेच्यावर सरकी काढी. स्वयंपाक, लेकरू, रेचा, सारे एका उंबऱ्याआत. आता ती भोंग्याच्या हुकमाने पत्र्याच्या शेडमध्ये गेली. रुईची धूळ नाकातोंडात, लेकरू ढिगाशेजारी निजलेले. आणि हंगाम सरला की काम बंद. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभराहून कमी माणसांच्या, किंवा वर्षातून चार महिनेही न चालणाऱ्या कारखान्यांस लागू नव्हता, म्हणजे हंगामी जीनला पळवाट आयतीच होती. शिवाय तो इंग्रजी मुलखाचा कायदा. निजामाच्या राज्यात त्याचा हुकूम चालत नव्हता.

मुंबईत मात्र नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस. तेव्हा अमेरिका आमच्याकडे केवळ कापसाच्या भावातून आली असे नाही. लोखंड्यांनी १८८४ त गिरणी कामगारांची संघटना काढली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेस दहा हजारांच्या आसपास कामगार जमले व दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

ही हकीकत आम्ही एकदा एका जीनच्या फाटकासमोर, जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो. पोत्यावर बसलेली एक म्हातारी कामगार बाई भाकरी मोडता मोडता ऐकत होती. मध्येच तिने विचारले, “दादा, त्या रईवारचा रोज मिळायचा का हो?” आम्ही काही बोलणार तोच भोंगा झाला. उरलेली भाकरी फडक्यात बांधून ती आत गेली.